कापड आटलं असेल

ब्लाऊज बिघडला की बाई एकटी येत नाही. शिवायला टाकते तेव्हा एकटीच असते. स्टेशनवरून घरी जाता जाता, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात साडी, आणि “काकू, पटकन टाकून जाते, माप आहेच तुमच्याकडे.” पण तक्रार घेऊन येताना सोबत कुणीतरी असतंच. साध्या प्रकरणात मैत्रीण, मध्यम प्रकरणात नणंद, आणि पैठणीवरचा ब्लाऊज असेल तर थेट आई. ही सोबतीण सुरुवातीला काही बोलत नाही. पंख्याकडे बघते, कॅलेंडरकडे बघते, माझ्या शिलाई मशीनकडे पंचनाम्याला आल्यासारखी बघते. मग पिशवीतून ब्लाऊज निघतो, कटिंगच्या टेबलावर पसरला जातो आणि पहिलं वाक्य येतं, “काकू, रागावू नका हं, पण...”

रागवायचं मी कशाला? रागवायला दुकान लागतं. मी डोंबिवलीत राहत्या घरीच शिवते. बाहेरच्या खोलीत दोन मशीनं, एक इंटरलॉकचं, पडद्याआड ट्रायलचा आरसा. रस्त्यावरच्या टेलरला एक मोठी सोय असते, शटर ओढलं की भांडण बाहेर. माझं गिऱ्हाईक रात्री साडेनऊला बेल दाबतं, का तर “दिवा दिसला.” त्यात निम्म्या बायका आमच्याच सोसायटीतल्या. दुकानात तावातावानं भांडून गेलेली बाई पुन्हा दिसेलच असं नाही. माझ्याशी भांडलेली बाई दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटते, पाणी गेलं की टाकीपाशी भेटते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणते, “गोड बोला हं काकू. आणि ती डावी बाही अजून ओढतेच आहे.”

शिवणाच्या कोर्सात आम्हाला ड्राफ्टिंग शिकवलं. छातीचा चौथा हिस्सा कुठे घ्यायचा, मुंढ्याची गोलाई कशी काढायची, टक्स कुठे संपवायचे, सगळं खाकी कागदावर. टेबलापलीकडे तोंड फुगवून उभ्या असलेल्या दोन बायकांचं काय करायचं, ते मात्र त्या कागदावर कुणी काढून दाखवलं नाही.

बहुतेक भांडणांची सुरुवात मापाच्या ब्लाऊजपासून होते. “अगदी यासारखाच शिवा,” असं म्हणून बाई जुना ब्लाऊज पुढे करते. मी वही उघडते. “फक्त मागचा गळा जरा मोठा. बाही कोपरापर्यंत. खांदा अर्धा इंच आत घ्या. मुंढ्यात ओढतो, तो सैल करा. उंची इंचभर वाढवा. आणि कटोरी नको, प्रिन्सेस कट करा.” यासारखे म्हणून आता हूक तेवढे उरले, तर तेही या वेळी पाठीमागे हवे असतात. बरं, तो नमुना तरी कसा? तीन टेलरांच्या हाताखालून गेलेला, दोन्ही बाजू उसवून उसवून शेवटच्या टाक्यापर्यंत आलेला. शिवला तेव्हा बाईंचा मुलगा बालवाडीत होता. आता तो दहावीच्या क्लासला जातो आणि खाली स्कूटरवर बसून आईला हाका मारतो.

म्हणून मी टेप लावते. टेप लावला की वाद मिटेल असं वाटत असेल, तर तसंही नाही. स्वस्तातले टेप वापरून वापरून ताणतात. ताणलेल्या टेपनं मोजलं तर आकडा कमी येतो. आता गंमत अशी की ज्या ताणलेल्या टेपनं माप घेतलं त्याच टेपनं कापड कापलं, तर ब्लाऊज अंगाला बरोबर बसतो. दोन्हीकडची खोट सारखीच असल्यानं ती कुठे दिसत नाही. भांडण होतं ते बाई घरी जाऊन, मुलीच्या प्रोजेक्टसाठी आणलेल्या नव्याकोऱ्या टेपनं ब्लाऊज मोजते तेव्हा. “तुम्ही चौतीस लिहिलंय आणि हा तर साडेचौतीस आहे!” घालून बघितलात का, असं विचारलं तर नाही. अंगाला बसतो, पण आकड्याला बसत नाही, अशी ती तक्रार. गेल्या दिवाळीपासून मी दर सहा महिन्यांनी टेप बदलते आणि जुना फेकून देत नाही, कापून टाकते, नाहीतर आमचे हे तो उचलून पडद्यांची मापं घेतात.

समोरच्या जेंट्स टेलरांचं दुखणं निराळं. ते म्हणतात, वहिनी, तुमच्या बायका माप देताना निदान श्वास घेतात. पुरुष पँटचं माप देताना पोट आत ओढून उभा राहतो आणि ट्रायलच्या दिवशी सोडतो. मग कंबर आवळली म्हणून आवाज चढवतो. त्यांनी आता माप घेताना गिऱ्हाइकाला मुलांच्या शाळेची फी विचारायला सुरुवात केली आहे. बोलायला लागला की पोट आपोआप जागेवर येतं.

तक्रारीत दोन माणसं समोरासमोर असतात आणि माघार कुणालाच घ्यायची नसते. गिऱ्हाईक कधी चुकत नाही असं दुकानात लिहिलेलं असतं, आणि कारागीर कधी चुकत नाही असं कारागिराच्या मनात लिहिलेलं असतं. अशा वेळी तिसरा आरोपी लागतो. तो सापडला की आम्ही दोघी एका बाजूला होतो आणि चहा ठेवता येतो. शिवणकामात हा तिसरा कायम हजर असतो, तो म्हणजे कापड. ते बोलत नाही, मान हलवत नाही, आणि बऱ्याचदा खरोखरच दोषी असतं.

सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं. वरचं पॉलिस्टर आटत नाही. मग आतलं अस्तर वरच्या कापडाला ओढून धरतं, शिवणीपाशी चुण्या पडतात, आणि ब्लाऊज बाहेरून ढगळ दिसत असूनही आतून आवळतो. बघणारीला वाटतं शिलाई वाईट. म्हणून मी अस्तर रात्रभर भिजत घालते, वाळवते, इस्त्री फिरवते आणि मगच त्याला कात्री लावते. तरी वरचं कापड गिऱ्हाइकाचं असतं, ते कुठल्या कुळातलं आहे हे कापडालाच ठाऊक. हळदीकुंकवात मिळालेला ब्लाऊजपीस तर तीन हळदीकुंकवांतून फिरून माझ्याकडे पोचतो. मूळ दात्री कोण, कापड किती, सुती की मिसळीचं, कशाचाच पत्ता नसतो. जेमतेम पाऊण मीटर भरतं आणि त्यात कोपरापर्यंत बाही हवी असते. बाहीला जोड द्यावा लागेल म्हटलं की बाई मी उरलेलं कापड ठेवून घेतल्यासारखी बघते. त्या तुकड्याचं मी काय करणार? सुईसाठी उशी?

पण कापड नेहमीच आटत नाही. कधी कधी मध्ये दिवाळी येऊन गेलेली असते.

माप श्रावणात दिलेलं असतं, ब्लाऊज घालायचा मुहूर्त मार्गशीर्षात. दरम्यान चकल्या, करंज्या, भाऊबीज आणि दोन बारशी. खरं बोलले तर गिऱ्हाईक गेलं. “वजन”, “तब्येत”, “अंगानं भरलात” हे शब्द माझ्या बाहेरच्या खोलीत उच्चारले जात नाहीत. आमची जुगलबंदी अशी चालते:

“काकू, हूकच लागत नाहीत.”

“कापड आटलं असेल.”

“पण मी अजून धुतलाच नाही.”

“मग अस्तर आटलं असेल. हवा किती दमट आहे आपल्याकडे.”

इथे एक क्षण शांतता असते. बाई माझ्याकडे बघते, मी ब्लाऊजकडे बघते. दोघींनाही सगळं समजलेलं असतं. आणि मग, इतका वेळ पंखा बघत असलेली नणंद बोलते, “हो गं, माझाही मागे असाच आटला होता. नवीन होता, कपाटात ठेवल्या ठेवल्या.” साक्षीदार फुटला की खटला संपला. शिवणीत दोन्ही बाजूंना मी इंच इंच माया सोडलेली असते. बाजू उसवायच्या, अर्धा अर्धा इंच सोडायचा, पुन्हा टीप मारायची. चहा होईपर्यंत काम होतं. पैसे घेत नाही. त्यावर बाई जाताना म्हणते, “बघा, तुमच्याकडून जरा घट्टच झाला होता ना?” मी म्हणते, हो.

फोनमधल्या फोटोवरून होणारी भांडणं याहून अवघड. तिथे कापडाला पुढे करता येत नाही. बाई फोन पुढे करते. पडद्यावर एक नटी पाठमोरी उभी, पाठीला गळा इतका खोल की ब्लाऊज कशाच्या आधारावर थांबलाय याचा शोध लागत नाही. “अस्सा.” मी सांगते की फोटो काढताना कपडे मागून पिना, क्लिपा लावून अंगाला बसवतात, ती बाई त्या दिवशी भाजी आणायला गेलेली नाही, तिनं लोकलमध्ये वरचा दांडा धरलेला नाही. बायका ऐकून घेतात आणि म्हणतात, “तरी अस्साच.” शिवून झाल्यावर तक्रार ठरलेली, खांद्यावरून उतरतो. एवढा गळा उघडला की खांदा धरून ठेवायला कापडच राहत नाही. मग मागे नॉट बांधावी लागते किंवा आत पट्टी घालावी लागते. पण नॉट फोटोत नव्हती. “तुम्ही आधी सांगायला हवं होतं,” असं ती म्हणते. मी आधीच सांगितलेलं असतं. आता मी फोटो माझ्या व्हॉट्सअॅपवर मागवते आणि त्याखाली लिहून पाठवते, “या गळ्याला नॉट लागेल. बरं का?” पलीकडून अंगठा येतो. पूर्वी पावतीपुस्तकाला कापडाचा तुकडा टाचून ठेवायचे, आता अंगठा जपून ठेवते.

चूक खरोखर शिवणारीची असेल तेव्हा काय? असं होतं, कुणाच्याही हातून होतं. डावी बाही उजवीकडे लागते. काठ उलटा बसतो. मदतीला येणारी मुलगी कटिंग करताना एकीचं माप दुसरीच्या कापडावर टाकते. अशा वेळी माझा नियम एवढाच, की सोबतीण तोंड उघडायच्या आत आपण बोलायचं. “हे आमचं चुकलं, काढून देते.” हे आधी बोललं तर पंधरा शब्दांत भागतं, तिनं दाखवल्यावर बोललं तर तिच्या चुलत बहिणीच्या लग्नात कुठल्याशा टेलरनं काय केलं होतं इथपासून ऐकावं लागतं. बाह्या बदलता येतात. सैल झालेलं घट्ट करता येतं. घट्ट झालेलं सैल होतं, पण सोडलेली माया असेल तेवढंच. कात्री चाललेलं कापड मात्र ब्रह्मदेवालाही जोडता येत नाही. शिवाय रेशमाची आणि टिश्यूची एक खोड आहे, उसवलं तरी सुईची भोकं राहतात. पैठणीचा ब्लाऊज म्हणूनच मी दोनदा उसवत नाही. दुसऱ्यांदा उसवला की काठाजवळ चाळण दिसते.

आणि पैठणीतच हिशेब फिरतो. अस्तराच्या ब्लाऊजची माझी शिलाई 450 रुपये. बिघडला तर गेले 450, असं मला वाटतं. बाईंचा हिशेब निराळा असतो. कापड साडीबरोबरच आलेलं, तसलं दुसरं मिळत नाही. ब्लाऊज नाही तर साडी नेसता येत नाही. साडी 18 हजारांची. साडी नेसायची नाही तर लग्नाला कशाला जायचं. आणि लग्नाला गेलं नाही तर मोठ्या जाऊबाई काय म्हणतील. साडेचारशेच्या कामावरून आपण दहा मिनिटांत एका खानदानाच्या इज्जतीपर्यंत पोचतो. आमचे हे आतून ओरडतात, “पैसे परत देऊन टाक!” यांना वाटतं पैसे दिले की प्रश्न सुटतो. बाईला पैसे नकोच असतात, तिला शनिवारी संध्याकाळी हिरवा ब्लाऊज हवा असतो. म्हणून मी पैसे परत करत नाही. सरळ उठते, कपाटातून तशा हिरव्याचं कापड काढते, पैठणीचा वाचलेला काठ बाहीला लावते आणि रात्री बसून दुसरा शिवून देते. त्याचे पैसे मागत नाही, आणि मागितले नाहीत हे चार जणींना सांगते. दोन्ही गोष्टी कराव्या लागतात.

माझा भाचा वकिली शिकतो. त्याला या धंद्यात फार गोडी. “मावशी, सांभाळून,” म्हणाला, “2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. 20 जुलै 2020 पासून लागू. सेवेत त्रुटी म्हणून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही.” म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाला मला कोर्टात न्यायला लिफ्टच्या बटणाइतकाच खर्च. 2025 मध्ये अहमदाबादच्या ग्राहक आयोगानं एका टेलरला आगाऊ घेतलेले पैसे व्याजासकट परत करायला लावले, वर भरपाई. गुन्हा काय? नात्यातल्या लग्नाला घालायचा ब्लाऊज लग्नाआधी तयार झाला नाही. ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली तेव्हा खाली बावीस अंगठे होते, आणि त्यातले सहा माझ्याकडे ब्लाऊज पडलेल्या बायकांचे.

मी भाच्याला विचारलं, सगळे कायदे गिऱ्हाइकाचेच का? आमच्या बाजूनं काही? त्यानं 1872 चा करार कायदा काढला. कलम 170. आपल्या हातच्या कसबानं एखाद्या वस्तूवर काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क कारागिराला आहे. मला भरून आलं. मग त्यानं खालची उदाहरणं वाचली. पहिलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचं: मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. दुसरं उदाहरण शिंप्याचं: त्यानं कोट शिवून होताच द्यायचं आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत द्यायचं कबूल केलंय, सबब त्याला कोट अडवता येणार नाही. बघा! इंग्रज सरकारला उधारीवर काम करणारा कारागीर दाखवायचा होता, तर अख्ख्या हिंदुस्थानात त्यांना शिंपीच सापडला. भाचा म्हणाला, अगं, उधारी कबूल केली नसती तर त्यालाही कोट ठेवता आला असता. त्याला काय माहीत? उद्या जिचा साखरपुडा आहे तिचा ब्लाऊज “आधी पैसे” म्हणून अडवून बघ म्हणावं. आयोगात जायची वेळच येणार नाही, लिफ्टमध्येच निकाल लागेल.

समोरच्या टेलरांच्या दुकानात संत नामदेवांची तसबीर आहे. ते एकदा मला कथा सांगत होते. वडिलांनी, दामाशेटींनी, नामदेवांना कापड विकायला बाजारात पाठवलं. नामदेवांनी ते धोंड्यांना उधार दिलं आणि एका धोंड्याला जामीन म्हणून घरी घेऊन आले. पुढे त्या धोंड्याचं सोनं झालं असं सांगतात. टेलर म्हणाले, वहिनी, आता जामीन राहायला धोंडासुद्धा तयार होत नाही. “गूगल पे करते” म्हणून बाई जिना उतरते आणि नेट येत नाही ते गौरीपर्यंत.

इतकं असूनही मला भांडणारी बाई आवडते. भांडणारी परत येते. काही जणी मात्र ब्लाऊज नेतात, “छान झालाय” म्हणतात, आणि पुढचा शिवायला खालच्या गल्लीत टाकतात. मग माझ्या दारावरून जाताना ती पिशवी पदराआड जाते. मला दिसत असतं. त्या ब्लाऊजचं काय चुकलं, हे मला कधीच कळणार नाही, आणि शिवणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. मध्यंतरी एकीला मी जिन्यात गाठून विचारलंच. म्हणाली, “नाही हो काकू, तो घरी आटला.”

तेव्हा यंदा दिवाळीचे ब्लाऊज ज्यांना माझ्याकडे टाकायचे असतील त्यांना विनंती. गणपती उठले की या. साडीखाली जे घालणार तेच घालून माप द्यायला या, मापात फरक पडतो. ट्रायलला आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका. हात वर करा, वाका, खाली बसा, लोकलचा दांडा धरल्यासारखं करा. दसऱ्यानंतर आलेलं काम अर्जंट धरलं जाईल आणि अर्जंटची शिलाई दीडपट पडेल. अस्तर तरीही रात्रभर भिजेल.